शब्बाथचे सूप किती गरम?

प्रार्थनेनंतरच्या सामुदायिक भोजनात सूप गरम असावे, हे खरे. परंतु ‘गरम’ म्हणजे किती? हात पोळून मागे घ्यावा लागेल ते गरम, असे आपले धर्मशास्त्र सांगते, आणि अनेक रब्बी ही मर्यादा सुमारे ४५ अंश सेल्सिअस धरतात. शब्बाथच्या नियमासाठी ती योग्य. अन्न सुरक्षित राखण्यासाठी मात्र अपुरी. मांसाच्या रश्श्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू याच सुमाराच्या उष्णतेत सर्वाधिक झपाट्याने फोफावतो, आणि त्याचे सारे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. ब्रिटनमध्ये गरम अन्नासाठी किमान ६३ अंशांचा नियम आहे. तोच आपणही पाळावा.

शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पूर्ण शिजलेले सूप उकळते असतानाच विजेच्या प्लाटावर ठेवावे. पातेले खोल व जवळजवळ भरलेले असावे. पसरट पातेल्यातून उष्णता लवकर निघून जाते. झाकण घट्ट हवे. (वारंवार झाकण उचलून पाहणारे स्नेही प्रत्येक स्वयंपाकघरात असतातच!) पूर्ण निवलेले सूप शब्बाथला पुन्हा तापविता येत नाही. म्हणून एखाद्या साध्या दिवशी प्लाटावर उकळत्या पाण्याचे पातेले रात्रभर ठेवून सकाळी तापमापकाने मोजून पाहावे.