पोट आणि पेला

माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येतात. रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. भात सोडला, साखर सोडली, रात्रीची भाकरीही सोडली. पण पोट जागचं हलेना. "रात्री घेता काय मग?" असं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही डॉक्टर, दोन लार्ज. त्यात ना तेल, ना तूप, ना साखर. म्हणून तर भाकरी बंद केली!"

श्रोतेहो, हा समज फार जणांचा आहे. व्हिस्कीत तेल-तूप नसतं हे खरंच. पण एक ग्रॅम साखरेतून चार कॅलरी मिळतात, चरबीतून नऊ आणि मद्यार्कातून सात. ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे सुमारे १४० कॅलरी. दोनांच्या २८०. चार किलोमीटर चालून मध्यम वजनाचा माणूस खर्च करतो जेमतेम २००. सकाळची कमाई दुसरा पेला संपण्याआधीच गेली! पोट फक्त बिअरनं सुटतं म्हणणाऱ्यांनीही हे ऐकावं. बिअरची ६५० मिलिलिटरची साधी बाटली अडीचशे कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे दोन लार्जांच्या शेजारीच. रम, व्होडका, जिन यांचा हिशेब व्हिस्कीसारखाच.

पण प्रकरण नुसत्या बेरीज-वजाबाकीनं मिटत नाही. शरीराला चरबी हवी तेवढी साठवता येते, मद्यार्कासाठी मात्र कोठार नाही. शिवाय तो विषारी. म्हणून यकृत बाकीची कामं बाजूला सारून आधी त्याचा निकाल लावतं. त्यातून शेवटी ॲसिटेट तयार होतं आणि शरीर ते इंधन म्हणून वापरतं. दारात आयतं सरपण आल्यावर माळ्यावरचं कोण काढणार? पोटावरची चरबी तशीच राहते. १९९२ साली स्विस संशोधकांनी हे मोजून पाहिलं. आहारात मद्यार्क असताना चोवीस तासांत चरबी जळण्याचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशानं घटलं. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम मद्यार्क निकालात काढतं. रात्री नऊला बसलात, तर दोन लार्जांचं काम दोन वाजेपर्यंत चालतं.

त्यातून चकणा! दारूनं भूक चाळवते आणि हात आवरत नाही. मूठभर खाऱ्या शेंगदाण्यांच्या दीडशेच्या वर कॅलरी होतात, आणि एका मुठीवर थांबलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आपण भारतीयांनी पोटाला जास्त का जपायचं, याचं एक बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही हवी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हावं. यकृतावर आधीच चरबी चढलेली असेल, तर दारू तिथं आणखी भर घालते.

त्या गृहस्थांच्या बाबतीत मला पोटापेक्षा भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांना मधुमेहाची गोळी चालू होती. इन्सुलिन किंवा अशा काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी दारू घेतली, तर यकृताला रक्तात पुरेशी साखर सोडता येत नाही आणि झोपेतच साखर एकदम खाली येऊ शकते. घरच्यांना वाटतं, प्यायला म्हणून गाढ झोपला! भाकरी त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावली. पेला हळूहळू शनिवारवर आणला, तोही एकच आणि जेवणासोबत. ज्यांची रोजची आणि भरपूर सवय आहे, त्यांनी मात्र मनानं एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, कुणाला फिटही येते. अशांनी आधी डॉक्टरांना गाठावं.

तीन महिन्यांनी आमच्या गृहस्थांचा पट्टा दोन भोकं आत गेला. शेंगदाण्यांऐवजी काकडी खा म्हटलं, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.