रिमोटची भाषा लिहून ठेवा

रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तलावाच्या आसपासच्या गल्ल्यांत, मराठी कुटुंबेही राहतात. अशा एखाद्या घराच्या बैठकीत आज गेलात, तर टेबलावर तीन-चार रिमोट हमखास दिसतील : एक टीव्हीचा, एक सेट-टॉप बॉक्सचा, एक एसीचा आणि हल्ली एक पंख्याचाही. तरुण मंडळी नोकरीनिमित्त पुण्यास किंवा बंगळूरला, आणि घरी आजी-आजोबा दोघेच, हेही चित्र नवे नाही. एखादे बटण चुकून दाबले गेले, पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटले, की संध्याकाळची बातमीपत्रे बुडतात आणि नातवाचा फोन लागेपर्यंत सारे तसेच बसून राहतात. रिमोट हातून पडून फुटला आणि त्या जातीचा रिमोट कंपनी आता बनवीत नसेल, तर धडधाकट टीव्हीदेखील भंगारात काढण्याची भाषा सुरू होते.

वाचकहो, ही परावलंबिता अटळ नाही. रिमोट यंत्राशी जे बोलतो ती एक सोपी, ठरावीक भाषा आहे. ती वाचण्याची, लिहून ठेवण्याची आणि दुसऱ्या रिमोटकडून वदवून घेण्याची साधने आज सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहेत. त्यांची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका संचापासून चार रिमोटपर्यंत

रायपूरच्या परिसराला दूरचित्रवाणीची ओळख झाली ती ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या उपग्रह-प्रयोगात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोचविले गेले. त्यांत तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतील खेडी होती. तेव्हा साऱ्या गावाला एकच संच असे. आज एका घरातच इतकी यंत्रे आहेत की कोणत्या यंत्राशी कोणत्या रिमोटने बोलावयाचे, हाच प्रश्न होऊन बसला आहे.

रिमोटचा इतिहास याहून जुना आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी १९५५ साली प्रकाशझोताने चालणारा बिनतारी रिमोट तयार केला. परंतु संचावर ऊन पडले की तो आपोआपच चालू लागे. पुढील वर्षी, १९५६ मध्ये, त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट बाजारात आणला. त्यानंतर डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी ही जागा घेतली. अ‍ॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी तर १९८७ मध्ये अनेक यंत्रांची कामे एकाच हाती आणणारा, दुसऱ्या रिमोटकडून शिकणारा रिमोट काढला. सारांश, ‘सर्व यंत्रांस एक रिमोट’ ही कल्पना काही आजची नव्हे.

ही भाषा आहे तरी कशी?

रिमोटच्या पुढच्या टोकास एक छोटा दिवा असतो. फोनचा कॅमेरा सुरू करून त्यासमोर रिमोट धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट उघडझाप दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढच्या कॅमेऱ्यात पाहावे. उघडझाप दिसली, तर रिमोटचा दिवा जिवंत आहे असे समजावे. दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी करावयाची ही पहिली आणि बिनखर्चाची परीक्षा होय.

हा दिवा बहुतेक रिमोटांत सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. त्यामुळेच ऊन आणि घरातील दिवे यांच्या प्रकाशातूनही संचाला रिमोटचा संदेश वेगळा ओळखता येतो. जी अडचण पॉली यांच्या रिमोटला आली, तिच्यावरचा हा उपाय. ‘एनईसी’ या अतिशय प्रचलित पद्धतीत प्रथम ९ मिलिसेकंद प्रकाश आणि साडेचार मिलिसेकंद विराम असतो. ही जणू ‘ऐका हो’ अशी हाक. तिच्यामागून ३२ खुणा येतात. प्रकाशाच्या ठिपक्यानंतरचा विराम आखूड असेल तर शून्य आणि लांब असेल तर एक. या ३२ खुणांत आधी यंत्राचा पत्ता असतो, मग आज्ञा. दोन्हींची उलटी प्रतही सोबत पाठविली जाते, म्हणजे ऐकण्यात चूक झाल्यास ती लगेच कळावी.

उदाहरणार्थ, एलजी कंपनीच्या अनेक टीव्हींना चालू-बंद करण्याचा संदेश एवढाच आहे : पद्धत एनईसी, पत्ता ४, आज्ञा ८. सोनी कंपनीची पद्धत ४० हजार लुकलुकींची, तर फिलिप्सची ‘आरसी-५’ ही ३६ हजारांची. लिप्या निराळ्या, पण घडण एकच. हिंदीत ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ आणणाऱ्या माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच बूढापाऱ्यात आहे. एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेण्याचे मोल येथील वाचकांस वेगळे सांगावयास नको. पुढे सांगितलेली सॉफ्टवेअरे हेच दुभाष्याचे काम करतात.

आरंभ कोठून करावा?

पहिली पायरी वाचण्याची. त्यासाठी ‘आर्डुइनो’ हा छोटा फलक आणि ‘टीएसओपी’ जातीचा तीन पायांचा अवरक्त ग्राहक एवढे पुरते. विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात या दोन्ही वस्तू काही शे रुपयांत मिळतात. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. टीएसओपी-१७३८ आणि टीएसओपी-३८२३८ दिसावयास सारखे असले, तरी त्यांच्या पायांचा क्रम वेगळा आहे. माहितीपत्रक पाहूनच तारा जोडाव्यात, नाहीतर ग्राहक जळण्याची भीती असते. संगणकावर आर्डुइनोचे विनामूल्य सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे आणि त्यात ‘आयआर-रिमोट’ हा संग्रह जोडावा. केन शिरिफ यांनी २००९ साली लिहिलेला हा संग्रह पुढे अनेकांनी वाढविला. त्यातील ‘रिसीव्ह डेमो’ हा नमुना चालवून रिमोटचे बटण दाबले की पद्धत, पत्ता आणि आज्ञा पडद्यावर सरळ लिहून येतात.

दुसरी पायरी टिपण्याची. एका वहीत बटणाचे नाव आणि त्यापुढे ते आकडे, असा तक्ता करावा. संगणकाची सवय असणाऱ्यांनी ‘आयआर-स्क्रूटिनायझर’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून पाहावे. ते संदेश वाचते, त्यांचा अर्थ लावते आणि निरनिराळ्या रिमोटांस समजतील अशा स्वरूपांत ते साठविते. फिलिप्सच्या ‘प्रॉन्टो’ रिमोटपासून रूढ झालेले स्वरूप त्यांपैकीच एक. त्यातील दुसरा शब्द ‘००६डी’ असा दिसला, तर लुकलुक ३८ हजारांची आहे असे समजावे.

तिसरी पायरी बोलण्याची. आपल्या फोनच्या वरच्या कडेस अवरक्त दिवा असेल, तर त्याचेच अ‍ॅप पुष्कळदा काम भागविते. ‘शिकणारा’ रिमोट घेतल्यास जुना व नवा समोरासमोर धरून एकेक बटण शिकविता येते. काही रिमोटांच्या बॅटरीच्या कप्प्यात सहा टोकांची जोडणी असते. ‘जेपी-१’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा रिमोटांत ‘रिमोट-मास्टर’ या सॉफ्टवेअरने संगणकावरून हवी ती बटणे बसविता येतात. आणि ज्यांना हौस आहे त्यांनी आर्डुइनोलाच एक अवरक्त दिवा जोडून चार मोठ्या बटणांची पेटी तयार करावी. मंद दृष्टीच्या वृद्धांस तीच सर्वांत सोयीची.

तीन अडचणी

एसीचा रिमोट वेगळ्या स्वभावाचा असतो. तो ‘तापमान एकाने वाढव’ असे न सांगता तापमान, पंख्याचा वेग, थंड की कोरडी हवा, असा सारा मजकूर प्रत्येक वेळी नव्याने पाठवितो. म्हणून एकेक बटण शिकविण्याचा मार्ग तेथे अपुरा पडतो. ईएसपी-८२६६ या फलकासाठी केलेल्या ‘आयआर-रिमोट’च्या आवृत्तीत व्होल्टास, डायकिन, एलजी अशा अनेक एसींच्या पद्धती तयार आहेत. रायपूरच्या वैशाखात त्यांचा उपयोग होईल.

दुसरी अडचण चालू-बंदच्या एकाच बटणाची. टीव्ही चालू आणि बॉक्स बंद असताना दोघांनाही तोच संदेश गेला, तर पहिला बंद होतो आणि दुसरा चालू. काही यंत्रांस ‘चालू’ आणि ‘बंद’ असे स्वतंत्र संदेशही समजतात. ते मिळाल्यास वहीत अवश्य टिपावेत. तिसरी गोष्ट अशी, की काही नवे रिमोट अवरक्त किरणांऐवजी ब्लूटूथने बोलतात. त्यांस ही साधने उपयोगी नाहीत.

वही घरातच हवी

लॉजिटेक कंपनीचे ‘हार्मनी’ रिमोट जगभर नावाजलेले होते. त्यांची मांडणी कंपनीच्या दूरस्थ संगणकांमार्फत होत असे. २०२१ साली कंपनीने त्यांचे उत्पादन थांबविले. मदत चालू ठेवण्याचे आश्वासन तिने दिले खरे, तथापि आपल्या घरची व्यवस्था दुसऱ्याच्या मर्जीवर किती विसंबून असते, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले. ज्याने संदेश स्वतःच्या वहीत लिहून ठेवले आहेत, त्याला अशी चिंता नसते. कंपनी राहो वा न राहो, टीव्हीची भाषा बदलत नाही.

म्हणून, वाचकहो, जुना रिमोट अद्याप चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या. तो मुका झाल्यावर त्याच्याकडून काही शिकता येत नाही. दिवाळीच्या सुटीत मुले-नातवंडे घरी आली, की एक दुपार यासाठी राखून ठेवा. मुलांनी तारा जोडाव्यात, आजोबांनी बटणे दाबावीत, आजीने आकडे उतरवून घ्यावेत. मग मुले आपापल्या गावी परतली, तरी संध्याकाळच्या बातम्यांसाठी कोणाच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही.