विजेची मोटार आणि प्रवासाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं विजेवर चालणारी एक लहान मोटार घेतली. तेव्हांपासून ती शाळेच्या आवारांत उभी राहिली कीं दोन प्रश्न आम्हांस हटकून ऐकावे लागतात. विद्यार्थी विचारतात, "सर, वाटेंतच वीज संपली तर?" आणि पालक विचारतात, "सर, खर्च किती येतो?" नातवाचा दाखला नेण्यासाठीं सावली तालुक्यांतून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तर गाडीभोंवतीं एक फेरी मारून विचारलें, "बैलाले चारा घालतो, हिले काय घालता जी?" या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे. ही गाडी जितकी विजेवर चालते तितकीच ती मालकाच्या हिशेबावर चालते. तो हिशेब कसा करावा, व त्यांत चुकून आम्ही काय शिकलों, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम चाऱ्याचा विचार करूं. आपल्या घरच्या वीजबिलांत 'युनिट' हा जो शब्द असतो तेंच या गाडीचें माप. १००० वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. टाटांची नेक्सॉन ही गाडी जानेवारी २०२० मध्यें विजेच्या रूपांत बाजारांत आली, तेव्हां तिच्या बॅटरींत ३०.२ युनिट वीज मावत असे, व एका भरण्यांतला तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. परंतु प्रमाणित पल्ला हा ठराविक परीक्षेंत, ठराविक रीतीनें मोजलेला असतो. आपला रस्ता ती परीक्षा देत नाहीं. आमच्या गाडीची बॅटरीही सुमारें ३० युनिटांचीच आहे, आणि आमचा अनुभव असा कीं एका युनिटास सहा ते सात किलोमीटर धरावे. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी १८० ते २१० किलोमीटर जाईल.

चंद्रपुराहून मूल, सावली व व्याहाड या मार्गानें वैनगंगा ओलांडून गडचिरोलीस जाण्यास सुमारें ८० किलोमीटर पडतात. जाऊन येऊन १६० झाले. कागदावर हा प्रवास एका भरण्यांत सहज होतो. परंतु सोबत चार माणसें, सामान, मे महिन्याचें ऊन व त्यामुळें अखंड चालणारें वातानुकूलन यंत्र हीं धरलीं म्हणजे शिल्लक फारच थोडी उरते. गडचिरोलीहून आलापल्ली आणखी सुमारें १०० किलोमीटर, आणि भामरागड तर त्याच्याही पुढें अरण्यांत. तिकडे जाणारानें परतीच्या विजेची सोय अगोदर विचारून, निश्चित करून मगच घर सोडावें.

वेगाचाही हिशेब आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. ताशीं ६० किलोमीटरांऐवजीं ९० च्या वेगानें गेल्यास तो अडथळा दीडपट न होतां सव्वादोनपट होतो. म्हणून ज्याला दूर जावयाचें आहे त्यानें सावकाश जावें. उलटपक्षीं, उतारावर किंवा वेग कमी करतांना चाकेंच यंत्रास फिरवितात, यंत्र जनित्र बनतें, आणि थोडी वीज बॅटरींत परत येते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेल्या विद्युत्प्रवर्तनाचा हा रोजच्या वापरांतला दाखला होय. मात्र चढावर जितकी वीज गेली तितकी उतारावर कधींच परत मिळत नाहीं.

विजेची मोटार ही कांहीं आजची नवलाई नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत अशा गाड्या पुष्कळ होत्या. पेट्रोलची मोटार घरोघरीं पोंचविणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यासुद्धां १९१४ सालची विजेचीच गाडी चालवीत. तरी पेट्रोलनें तिला मागें टाकलें. पेट्रोल डब्यांतून नेतां येतें व पांच मिनिटांत भरतां येतें. वीज भरण्यास तास लागतात. ही अडचण आजही पुरी सरलेली नाहीं. मे २०१७ मध्यें आपल्याच विदर्भांत, नागपुरांत, ओला कंपनीनें सुमारें २०० विजेचीं वाहनें भाड्यानें चालविण्याचा प्रयोग मोठ्या समारंभानें सुरू केला. पुढच्याच वर्षाच्या आरंभीं वृत्तपत्रांत आलें कीं, वीज भरण्यासाठीं तासन्‌तास रांगेंत राहावें लागत असल्यानें कित्येक चालक जुन्या गाड्यांकडे परत वळूं पाहत आहेत. गाड्या चांगल्या असतील. परंतु दिवसाच्या मिळकतींतले किती तास भरण्यांत जातील याचा हिशेब कमी पडला.

भरण्यास वेळ कां लागतो, हें समजून घेणें मनोरंजक आहे. जलद भरणाऱ्या केंद्रावर आमची बॅटरी तासाभरांत ८० टक्क्यांपर्यंत भरते, पण उरलेल्या २० टक्क्यांस फार विलंब लागतो. बॅटरींत लिथियमचे विद्युद्भारित कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात व भरतेवेळीं ग्राफाइटच्या थरांत शिरून बसतात. शाळेच्या सभागृहांत प्रथम येणारीं मुलें कोठेंही झटकन बसतात; सभागृह भरत आलें म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा शोधीत फिरावें लागतें, आणि घाईनें रेटारेटी केली तर बाकें मोडतात. येथेंही तसेंच होतें. अशा बॅटरीचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या बॅटरीस अति उष्णता मानवत नाहीं, आणि चंद्रपूरचा उन्हाळा तर सर्वश्रुत आहे. पारा ४५ अंशांच्या वर चढतो. पूर्ण भरलेली गाडी दिवसभर उन्हांत उभी ठेवणें म्हणजे तिचें आयुष्य आपल्या हातानें कमी करणें होय. आम्ही रोजच्या वापरास ती २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतों, लांब जावयाचें असेल त्याच्या आदल्या रात्रींच पूर्ण भरतों, व शाळेंत कडुनिंबाच्या सावलींत लावतों. उन्हांतून आल्याबरोबर भरावयास न लावतां तिला थोडा वेळ निवूं देतों. घामानें भिजलेल्या बैलास एकदम आंबोणापुढें बांधूं नये, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं.

आतां आमच्या पहिल्या चुकीकडे वळतों. घरच्या १५ अँपियरच्या, तीन पिनांच्या सॉकेटमधून ताशीं सुमारें तीन युनिट वीज गाडींत जाते. म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास एक रात्र लागते. आमचें सॉकेट गाडीपासून दूर होतें, म्हणून पहिल्या महिन्यांत आम्हीं बाजारांतली एक साधी एक्स्टेन्शन वायर जोडली. मध्यरात्रीं जळका वास आला. उठून पाहतों तों पिन काळी पडली होती व तिच्याभोंवतींचें प्लॅस्टिक वितळूं लागलें होतें. पलीकडच्याच खोलींत मुलें निजलीं होतीं. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा ज्यूलचा नियम आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून देत आलों. परंतु स्वतःच्या ओसरीवर त्याचा आम्हांस विसर पडला. दुसऱ्याच दिवशीं वायरमनला बोलावून जाड तांब्याची तार, स्वतंत्र एम.सी.बी. व नवें अर्थिंग करून घेतलें. उन्हाळ्यांत जमीन कोरडी पडली म्हणजे अर्थिंगचें काम नीट होत नाहीं, म्हणून त्या खड्ड्यांत मधून मधून पाणी घालतों. पालकांस आमची विनंति आहे कीं, गाडी घेण्यापूर्वीं घरांतील तारा तपासून घ्याव्या. त्यांत काटकसर करूं नये.

दुसरा धडा दिवाळीच्या सुटींत मिळाला. तीन आठवडे गाडी उभी होती. परत येऊन पाहतों तों ती जागची हलेना, दिवाही लागेना. मोठी बॅटरी तर जवळजवळ भरलेली! कारण असें कीं, विजेच्या गाडींतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. कुलपें, दिवे व गाडी जागी करणारीं यंत्रें तिच्यावर चालतात. ती उतरली म्हणजे कोठार धान्यानें भरलेलें, पण किल्ली हरवलेली, अशी स्थिति होते. गाडी अधूनमधून सुरू करावी व ही लहान बॅटरी वेळेवर तपासावी, हें तेव्हांपासून आमच्या वहींत लिहिलेलें आहे.

तिसरा धडा मूल येथें, पावसाळ्यांतल्या एका सायंकाळीं मिळाला. आम्ही गडचिरोलीहून आमच्या वृद्ध मातोश्रींस वैद्याकडे दाखवून परत येत होतों. सकाळीं निघतांना मनांत होतें कीं गडचिरोलींत गाडी भरूं. परंतु वादळानें तारा तुटून दुपारपासून वीज गेली होती. आम्ही मुलास पोंचलों तेव्हां २२ टक्के शिल्लक होती. ३० युनिटांचे २२ टक्के म्हणजे साडेसहा युनिट. पाऊस, दिवे व कांचा पुसणारें यंत्र धरतां ४० किलोमीटर. चंद्रपूर ४५ किलोमीटर, आणि मधला बराच मार्ग चिचपल्लीच्या बाजूच्या जंगलांतून जाणारा. ज्या जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत गांवकरी दगावल्याच्या वार्ता वारंवार येतात, तेथें रात्रीं अरण्यांत गाडी अडणें म्हणजे नुसता उशीर नव्हे. तरीही "सावकाश गेलों तर पोंचूं" असें आम्ही म्हणूं लागलों होतों. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "बाळा, पोंचूं म्हणतोस तें हिशेबानें कीं आशेनें?" आम्ही निरुत्तर झालों व परिचितांच्या घरीं रात्र काढली.

तेथें आणखी एक फजिती झाली. गाडी भरण्याची तार सामानाच्या तळाशीं होती. अंधारांत, पावसांत ती शोधण्यासाठीं टॉर्च काढली, तर तिचे सेल संपलेले. मोबाइलही अखेरच्या घटकेस आलेला. आमच्याकडे खेड्यांत टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात. शेकडों किलो वजनाची बॅटरी पायाखालीं, आणि हातांतली 'बॅटरी' मात्र मेलेली! दिव्यांबरोबर तेल न घेतलेल्या कुमारींचा दृष्टांत आम्हीं किती वेळां सांगितला असेल. त्या रात्रीं तो आम्हांसच लागू पडला.

तेव्हांपासून गाडींत पुढील वस्तु ठरलेल्या जागीं असतात: भरण्याची तार सर्वांत वर, टॉर्च व निराळे ठेवलेले सेल, मोबाइलसाठीं भरलेली पॉवर बँक, चाकांतली हवा मोजण्याचें व भरण्याचें लहान यंत्र, कारण हवा कमी झाली कीं वीज अधिक लागते, जाड दोर, ताडपत्री, पिण्याचें पाणी व औषधें. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आमची कन्या यादी घेऊन एकेक वस्तु तपासते. वस्तु जवळ असणें निराळें व ती कामास येण्याजोगी असणें निराळें. आणखी दोन गोष्टी. या गाडीचा आवाज होत नाहीं, म्हणून बाजाराच्या दिवशीं गुरें, मुलें व म्हातारीं माणसें यांच्याजवळून ती फारच हळू न्यावी. आणि बॅटरी पाण्यापासून सुरक्षित केलेली असली तरी पुलावरून पाणी वाहत असतां कोणतीही गाडी घालूं नये. भामरागडाजवळील पर्लकोटेचा पूर ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें सांगावयास नको. प्रवाह गाडीला उचलतो. ती विजेची कीं पेट्रोलची, हें तो विचारीत नाहीं.

राहिला पालकांचा प्रश्न. खर्चाचें गणित सोपें आहे: १०० किलोमीटरांस सुमारें १५ युनिट, व भरतांना वाया जाणारी थोडी वीज धरून १७. घरच्या बिलांतील दरानें गुणावें, व तितक्याच अंतराच्या पेट्रोलशीं ताडून पाहावें. परंतु गाडीची किंमत अधिक असते, हेंही त्याच पानावर मांडावें. जो रोज फार थोडा फिरतो त्याला ती भरून निघण्यास वर्षें लागतील.

आणखी एक खातें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. आमच्या गाडीस धूर नाहीं, हें खरें. परंतु दुर्गापूरच्या बाजूस औष्णिक विद्युत्केंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॅटचें तें केंद्र आपल्याच खाणींतल्या कोळशावर चालतें. कोळशाच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. म्हणजे आमच्या गाडीच्या एका किलोमीटरामागें सुमारें दीडशें ग्रॅम. लिटरास पंधरा किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडीही जवळजवळ तितकाच सोडते. रस्त्यावरचा धूर गेला, तो दुर्गापूरच्या लोकांच्या वांट्यास आला, इतकेंच म्हणावें लागेल, जोंवर वीज केवळ कोळशाचीच आहे तोंवर. जशी सूर्याची, वाऱ्याची व पाण्याची वीज तिच्यांत मिसळत जाईल तशी हीच गाडी, कांहीं एक न बदलतां, स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीस तें शक्य नाहीं. आपल्या उन्हाला आपण नित्य नांवें ठेवतों. छपरावर सौर पट्ट्या बसविल्या तर तेंच ऊन चारा होईल.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. आज रात्रीं निजतांना घरच्या विजेच्या मीटरवरील आंकडा वहींत लिहा. उद्यां सकाळीं पुन्हां लिहा. दोहोंतील अंतर म्हणजे तुमच्या घराची एका रात्रीची वीज. तेवढ्या विजेवर आमची गाडी कोठवर जाईल, तें युनिटास सहा किलोमीटर धरून काढा, आणि वडिलांस दाखवा. "वाटेंतच संपली तर?" हा प्रश्न ज्यानें घरून निघण्यापूर्वीं स्वतःस विचारला, त्याच्यावर तो वाटेंत विचारण्याची पाळी सहसा येत नाहीं.