प्रेसमधली रॅकेट

सेक्टरमधलं क्वार्टर रिकामं करताना माळ्यावरून एक लाकडी प्रेस खाली आला. चारही कोपऱ्यांचे स्क्रू गंजलेले, आत बाबांची बॅडमिंटनची रॅकेट. फ्रेम लाकडी, दांडा पोलादी. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ साली पेटली, बाबा त्यानंतर लवकरच प्लांटमध्ये लागले. ही रॅकेट त्यांच्या सुरुवातीच्या पगारातली. पावसाळ्यात प्रेसबाहेर राहिली की आठवड्यात फ्रेम वाकडी व्हायची. निवडायचं असं काही नसायचंच. सिव्हिक सेंटरच्या दुकानात दोन-तीन टांगलेल्या, त्यातली हलकी घ्यायची.

१९८० साली प्रकाश पदुकोण ऑल इंग्लंड जिंकले आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी विजेच्या खांबाखाली नेट लागलं. मग अ‍ॅल्युमिनियमच्या रॅकेटी आल्या. त्यांचा सांधा ढिला व्हायचा, डोकं हातात गरगर फिरायचं. पहिली ग्रॅफाइटची रॅकेट मी बोनसच्या पैशातून घेतली आणि आईला किंमत निम्मी सांगितली.

खरी पंचाईत झाली ती २०१२च्या सुमारास, निवड करता यायला लागल्यावर. थ्री-यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, फोर-यू म्हणजे ८० ते ८४. डोकं जड की समतोल? दांडा कडक की लवचीक? टीव्हीवर ली चोंग वेईचे स्मॅश बघून मी सगळ्यात महागडी उचलली: थ्री-यू, डोकं जड, दांडा कडक, २८ पौंड ताणाचं गटिंग. कडक दांडा वाकतो तो मनगट विजेसारखं फिरलं तरच. माझं फिरत नव्हतं, म्हणून सगळा जोर खांद्यातून. डबल्समध्ये अंगावर शटल आलं की जड डोकं वर यायच्या आत पॉइंट गेलेला. तीन महिन्यांत शर्ट घालताना हात वर जाईना. चूक रॅकेटची नव्हती, हौसेची होती. आता फोर-यू, समतोल, मध्यम दांडा, २३ पौंड.

शेजारच्या दुर्गची आकर्षी कश्यप २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय मिश्र संघात होती. कोर्टवरच्या पोरांना तिच्यासारखंच खेळायचं असतं, आणि खरेदी मात्र माझ्यासारखी करतात.

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन. तो हल्ली पॅडल हा टेनिससारखा खेळ खेळतो. त्या रॅकेटीला तारा नाहीत, नुसती भोकं. आत फोम, वर कार्बन, वजन ३६० ग्रॅमच्या आसपास. “काका, डायमंड शेपची घेऊ का? प्रो लोक तीच वापरतात.” तिचा भार वरच्या टोकाकडे, चेंडू नेमका बसण्याची जागाही वरच. म्हणजे पुन्हा तेच जड डोकं! कोपर दुखतं का, एवढंच मी विचारलं. “थोडंसं,” म्हणाला. गोल घे, म्हटलं.

तुम्हीही नवी घेणार असाल तर दुकानात हवेत फिरवून ठरवू नका. कुणाची तरी मागून आणा, तीन गेम खेळा, आणि पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा बघून द्या.