पोहण्यांतील क्रम व श्वास

वऱ्हाडांतील पुष्कळ नद्या-नाले उन्हाळ्यांत आटतात. म्हणून अमरावती-अकोल्याकडील मुलें पाठीस भोपळा बांधून विहिरींतच पोहावयास शिकत आलीं. असा मुलगा उडी धीटपणें मारतो. परंतु शर्यतीच्या तलावांत उतरला म्हणजे लवकर दमतो. त्याच्या अंगीं बळ नसतें असें नाहीं, क्रम नसतो. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलें. ज्या प्रांतांत अशी परंपरा, तेथील विद्यार्थ्यास व्यायामांत तालाचें महत्त्व सांगावयास नको. पाण्यांतहि तोच नियम आहे.

बेडकाप्रमाणें हातपाय मारून छातीवर पोहण्याच्या प्रकारास ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. त्यांत दोन्ही हात एकदम व दोन्ही पाय एकदम हलले पाहिजेत. प्रथम हात बाहेर पसरून छातीखालीं आणावे. तेव्हां डोकें वर येतें व श्वास घेतां येतो. हात पुढें निघतांना टाचा मागून वर ओढाव्या आणि पावलें बाहेर वळवावीं. हात सरळ होत आले कीं पायांनीं पाणी मागें रेटून ते जुळवावे, आणि क्षणभर बाणासारखें ताठ राहावें. उतावळा मुलगा हाच क्षण गमावतो. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. पाय आखडलेले असतां हात ओढले, तर आपल्याच मांड्या आपणांस अडवितात.

पृष्ठभागावर पोहतांना लाटा उठविण्यांत शक्ति खर्च होते; पाण्याखालीं हा व्यय कमी होतो. म्हणूनच १९५६ सालीं मेलबर्न येथें जपानच्या मासारु फुरुकावा यांनीं २०० मीटरची शर्यत बहुतांशीं पाण्याखालून पोहून जिंकली. त्यानंतर नियम बदलला. आतां उडीनंतर व प्रत्येक वळणानंतर पाण्याखालीं हात एकदांच मांड्यांपर्यंत ओढतां येतात, व डॉल्फिन माशासारखा पायांचा एकच फटका चालतो. पुढें प्रत्येक आवर्तनांत डोकें पाण्याबाहेर आलेंच पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, हा नियम विहिरींतहि ध्यानांत ठेवा. कोण अधिक वेळ बुडी मारून राहतो, अशी पैज कधींहि लावूं नका. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तांत कार्बन डायऑक्साइड वायु वाढल्यामुळें. बुडीपूर्वीं भराभर खोल श्वास घेतल्यास तो वायु घटतो, परंतु प्राणवायूचा सांठा फारसा वाढत नाहीं. मग धोक्याची सूचना मिळण्यापूर्वींच शुद्ध हरपते. आणि विहिरीच्या तळाशीं गेलेल्यास काठावरचा मित्र पाहूं शकत नाहीं. एकट्यानें कधीं उतरूं नये, व जाणत्या पोहणाऱ्याची नजर आपणांवर असावी.

हातांची, पायांची व श्वासाची अशी प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. ती पाळणारा पुढें जातो. आणि देवानें दिलेला श्वास पैजेवर न लावणारा सुखरूप घरीं येतो.