प्रभारी प्राचार्य : ज्येष्ठता की पात्रता?

प्राचार्य निवृत्त होतात, नव्या निवडीची जाहिरात निघालेली नसते आणि कार्यभार कोणाकडे द्यायचा, हा प्रश्न उभा राहतो. एकीकडे सेवाज्येष्ठता यादीतले पहिले नाव; दुसरीकडे यादीत खाली असलेले, पण प्राचार्यपदाच्या अटी पूर्ण करणारे सहकारी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्राचार्याला पीएच.डी., प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापकपद, 15 वर्षांचा अनुभव, किमान 10 संशोधन लेख आणि 110 संशोधन गुण लागतात. मात्र या अटी नियमित निवडीच्या आहेत. प्रभार ही बढती नव्हे. वरिष्ठ पदाची कामे सोपवली म्हणून ते पद मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्पष्ट केले आहे.

म्हणून पगारपत्रकावरची सही, प्रवेश, परीक्षा एवढ्यापुरता काही आठवड्यांचा प्रभार असेल, तर ज्येष्ठता हा निकष बरा. ती यादीवरून ठरते, संस्थाचालकांच्या मर्जीवरून नव्हे. पण प्रभार वर्षानुवर्षे लांबला, की महाविद्यालयाचे शैक्षणिक धोरणच प्रभारी व्यक्ती ठरवू लागते. तिथे पात्रता डावलणे महाग पडते. अशा वेळी पात्र अध्यापकांतले ज्येष्ठतम निवडावेत. पात्र कोणीच नसेल, तर यादीतले पहिले, पण मुदत घालून.

खरे तर हा वाद दोन अध्यापकांचा नाहीच, रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीचा आहे. प्राचार्यांची जन्मतारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून नोंदलेली असते. मग जाहिरात निवृत्तीआधीच का निघू नये?