सरकारी वकिलांची संघटना कशासाठी?

फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांची जागा अवघड असते. तपास पोलिसांनी केलेला असतो, निकाल न्यायाधीश देणार असतात आणि नेमणूक सरकारने केलेली असते. फिर्यादीला ते आपले वकील वाटतात, तपास अंमलदाराला ते पोलिसांचे वाटतात आणि मंत्रालयाला ते सरकारचे वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र ते या तिघांपैकी कोणाचेच नसतात. आरोपीला कसेही करून शिक्षा लावून घेणे हे त्यांचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या १९९९ सालच्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला, तर तोही न्यायालयापुढे आणणे हे त्यांचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य पाळताना अनेकदा पोलिसांना, लोकमताला आणि सरकारलाही नकार द्यावा लागतो. तो नकार एकट्या व्यक्तीच्या बळावर फार काळ टिकत नाही. सरकारी वकिलांच्या व्यावसायिक संघटनांची गरज इथून सुरू होते.

या क्षेत्रातील जागतिक संघटना म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ प्रॉसिक्यूटर्स. जून १९९५ मध्ये व्हिएन्नातील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात तिची स्थापना झाली आणि सप्टेंबर १९९६ मध्ये बुडापेस्टला पहिली सर्वसाधारण सभा भरली. तिचे मुख्यालय आज नेदरलँड्समधील हेग शहरात आहे. देशोदेशींची अभियोग कार्यालये आणि राष्ट्रीय संघटना तिच्या सभासद आहेत, शिवाय एकेका सरकारी वकिलालाही व्यक्तिशः सभासद होता येते. १७० हून अधिक देश आणि प्रदेशांपर्यंत तिचा विस्तार झाला आहे.

स्थापनेमागचे तात्कालिक कारण व्यवहारी होते. अमली पदार्थांचा व्यापार, काळ्या पैशाची फिरवाफिरव आणि आर्थिक फसवणूक हे गुन्हे देशांच्या सीमा ओलांडत होते, पण ते चालवणारा सरकारी वकील आपल्या देशाच्या कायद्यात आणि भाषेत अडकलेला होता. दुसऱ्या देशातल्या बँकेची कागदपत्रे हवी असतील, तर पत्र कोणाला लिहायचे हेही माहीत नसायचे. म्हणून एकमेकांची ओळख व्हावी, अनुभवांची देवाणघेवाण व्हावी हा पहिला हेतू होता. दरवर्षी वेगळ्या देशात भरणारी परिषद, प्रशिक्षणवर्ग, सायबर गुन्ह्यांसाठी २००८ मध्ये उभारलेले सरकारी वकिलांचे जाळे, तसेच दहशतवाद आणि मानवी व्यापार या विषयांवरील गट हे सगळे त्या हेतूतून आले. हे काम उपयोगाचे आहे. तरीही संघटनेचे मोल त्यापेक्षा तिने लिहून ठेवलेल्या नियमांत अधिक आहे.

त्या नियमांची पूर्वपीठिका १९९० मध्ये हवाना येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आठव्या गुन्हेप्रतिबंध परिषदेत सापडते. अभियोक्त्यांच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या, भूमिकेविषयी मार्गदर्शक तत्त्वे तिथे स्वीकारली गेली. अभियोक्त्याला धाकदपटशा, अडवणूक किंवा गैरवाजवी हस्तक्षेप यांविना काम करता आले पाहिजे, सार्वजनिक अधिकाऱ्यांनी केलेल्या गुन्ह्यांकडे त्याने योग्य लक्ष दिले पाहिजे, आणि छळ करून मिळवलेला पुरावा आरोपीविरुद्ध वापरायला त्याने नकार दिला पाहिजे, असे ती तत्त्वे सांगतात. अभियोक्त्यांना व्यावसायिक संघटना स्थापण्याचे आणि तिचे सभासद होण्याचे स्वातंत्र्यही त्यांतच मान्य झाले आहे. मात्र ही तत्त्वे सरकारांना उद्देशून लिहिलेली होती. अभियोक्त्यांनी स्वतःला काय बंधन घालून घ्यायचे, हे सांगणारा दस्तऐवज त्यांच्यातूनच यायला हवा होता.

तो २३ एप्रिल १९९९ रोजी ॲमस्टरडॅम येथे आला. अभियोक्त्यांच्या व्यावसायिक जबाबदारीची मानके आणि त्यांची मूलभूत कर्तव्ये व हक्क असे त्याचे स्वरूप आहे. पुरावा विश्वासार्ह आणि न्यायालयात ग्राह्य धरला जाण्याजोगा आहे असे रास्तपणे वाटत असेल तरच खटला चालवावा, तसा पुरावा उरला नाही तर तो पुढे रेटू नये, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम. दुसरा नियम माहिती उघड करण्याचा आहे. आरोपीच्या विरुद्ध जाणारी तशीच त्याच्या फायद्याची माहितीही शक्य तितक्या लवकर बचाव पक्षाला मिळाली पाहिजे. तिसरा नियम राजकीय सूचनांबद्दल आहे. अभियोग कार्यालयाबाहेरच्या सत्तेला अभियोक्त्यांना आदेश देण्याचा अधिकार एखाद्या देशाच्या कायद्याने दिला असेल, तर ते आदेश उघड, कायदेशीर आणि ठरलेल्या चौकटीतले असावेत. कानात सांगितलेली सूचना या कसोटीला उतरूच शकत नाही.

कर्तव्यांच्या मागोमाग हक्क येतात, आणि तो क्रम योग्य आहे. पुरेसे वेतन, निश्चित सेवाशर्ती, निवृत्तिवेतन, गुणवत्तेवर बढती, शिस्तभंगाच्या कारवाईत निष्पक्ष सुनावणी, स्वतःचे आणि कुटुंबाचे संरक्षण हे हक्क त्यात आहेत. बेकायदेशीर किंवा व्यावसायिक नीतीविरुद्ध आदेश पाळण्यापासून मुक्त राहण्याचा हक्कही आहे. वरवर पाहता ही कर्मचारी संघटनेच्या मागण्यांची यादी वाटेल. प्रत्यक्षात यातली प्रत्येक बाब आरोपीच्या आणि फिर्यादीच्या हिताशी बांधलेली आहे. ज्याची नेमणूक कोणाच्या मर्जीवर टिकून आहे, तो ती मर्जी सांभाळणार. त्याची किंमत न्यायालयात उभा असलेला सामान्य माणूस मोजतो. संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हेप्रतिबंध आयोगाने २००८ मध्ये ठराव करून या मानकांची दखल घेतली आणि देशांना ती विचारात घेण्याचे आवाहन केले.

त्याच वर्षी, १ मार्च २००८ रोजी, संघटनेने हेलसिंकी येथे अभियोक्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या सुरक्षेच्या किमान मानकांची घोषणा केली. ही चिंता हवेतली नव्हती. सिसिलीत माफियांविरुद्धच्या मोठ्या खटल्याचा पाया रचणारे जोव्हान्नी फाल्कोने, त्यांच्या पत्नी आणि तीन अंगरक्षक २३ मे १९९२ रोजी कापाचीजवळच्या महामार्गावरील स्फोटात मारले गेले. हेलसिंकीच्या घोषणेनंतरही हे थांबलेले नाही. पॅराग्वेमधील संघटित गुन्हेगारीचे खटले चालवणारे अभियोक्ते मार्सेलो पेची यांना १० मे २०२२ रोजी कोलंबियातील बारू बेटावर, मधुचंद्राच्या प्रवासात असताना, गोळ्या घालून ठार करण्यात आले. स्वतःच्या देशात कडक बंदोबस्त असला तरी सीमेपलीकडे तो संपतो. सुरक्षेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय संघटनेने हाती घेण्याला म्हणूनच अर्थ आहे.

बंदुकीपेक्षा बदलीचा आदेश अधिक वेळा वापरला जातो. पोलंडमध्ये २०१६ च्या कायद्याने न्यायमंत्री आणि महाअभियोक्ता ही दोन्ही पदे एकाच राजकीय व्यक्तीकडे आली. पुढच्या वर्षी तिथल्या काही अभियोक्त्यांनी ‘लेक्स सुपर ओम्निया’ ही संघटना स्थापन केली आणि खटल्यांमधील राजकीय ढवळाढवळीवर अहवाल लिहिले, जाहीर टीका केली. जानेवारी २०२१ मध्ये संघटनेच्या अध्यक्षांसह तिच्या काही सभासदांना अवघ्या दोन दिवसांची मुदत देऊन घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या कार्यालयांत धाडण्यात आले. कागदोपत्री ही प्रशासकीय सोय होती. युरोपातल्या न्यायाधीश आणि अभियोक्त्यांच्या संघटनांनी तिच्याकडे शिक्षा म्हणूनच पाहिले, आणि ते बरोबर होते.

तुर्कस्तानात याहून टोकाचे घडले. १५ जुलै २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर दुसऱ्याच दिवशी २,७४५ न्यायाधीश आणि अभियोक्त्यांना कामावरून दूर करण्यात आले. एवढी नावे एका रात्रीत चौकशी करून निघू शकत नाहीत. न्यायाधीश आणि अभियोक्त्यांची ‘यारसाव’ ही स्वतंत्र संघटना त्याच महिन्यात आणीबाणीच्या हुकुमाने बंद केली गेली. तिचे अध्यक्ष मुरात अर्सलान यांना अटक झाली. ते तुरुंगात असतानाच २०१७ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने त्यांना वाक्लाव हावेल पुरस्कार दिला, आणि २०१९ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

जागतिक संघटनेची मर्यादा अशाच ठिकाणी उघडी पडते. तिचे अनेक सभासद म्हणजे सरकारी अभियोग कार्यालयेच असतात, आणि त्यातली काही सरकारे असंतुष्टांना तुरुंगात टाकण्यासाठी हीच कार्यालये वापरतात. सप्टेंबर २०१७ मध्ये वार्षिक परिषद बीजिंगला भरली. दोनच वर्षांपूर्वी चीनमध्ये मानवी हक्कांची प्रकरणे लढवणाऱ्या वकिलांची मोठी धरपकड झाली होती. यजमान कार्यालयाच्या या वर्तनाकडे संघटनेने डोळेझाक करू नये, असे मानवी हक्क संस्थांनी तेव्हा जाहीरपणे सुनावले. सर्वांना एका मेजाभोवती बसवल्याने संपर्क वाढतो हे खरे, पण स्वतःची मानके मोडणाऱ्या सभासदाला जाब विचारला नाही, तर ती मानके कागदावर राहतात. हा आक्षेप रास्त आहे.

हेच प्रश्न महाराष्ट्राच्या न्यायालयांतही जुने आहेत. पूर्वी दंडाधिकाऱ्यांपुढचे खटले पोलीस प्रॉसिक्युटर चालवत. ज्या खात्याने तपास केला, त्याच खात्याचा माणूस त्या तपासाची बाजू मांडायचा. हे वेगळे व्हावे अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात केली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ ने दंडाधिकारी न्यायालयांसाठी सहायक सरकारी अभियोक्ता हे पद आणले आणि अपवाद वगळता पोलीस अधिकाऱ्याला त्या पदासाठी अपात्र ठरवले. महाराष्ट्रात मात्र जुन्याच पोलीस प्रॉसिक्युटरना नवे पदनाम देऊन पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली ठेवले गेले. याविरुद्ध अभियोक्तेच न्यायालयात गेले. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. सहायक सरकारी अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग करावा, स्वतंत्र अभियोग विभाग स्थापावा आणि त्याचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार असावा, असे आदेश दिले. पोलिसांच्या हाताखालून बाहेर पडण्यासाठी सरकारी वकिलांनीच लढा द्यावा आणि त्यात देशभरासाठी कायदा स्पष्ट व्हावा, ही या व्यवसायाच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

सत्र न्यायालयांतले चित्र वेगळे आहे. तिथले जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील बहुधा वकिली करणाऱ्यांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. राज्यात सत्ता बदलली की या यादीचे काय होईल, ही धाकधूक भारतात सगळीकडे असते. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपवल्या होत्या. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कृती मनमानी ठरवून रद्द केली. खटला मागे घेण्याचा अर्जही असाच नाजूक विषय आहे. तो अर्ज सरकारच्या सांगण्यावरून नव्हे, तर सरकारी वकिलाने स्वतंत्रपणे विचार करून द्यायचा असतो. केरळ विधानसभेतील २०१५ च्या गोंधळाचा खटला मागे घेऊ देण्यास नकार देताना न्यायालयाने २०२१ मध्ये हेच पुन्हा बजावले.

याची दुसरी बाजूही अभियोक्त्यांच्या संघटनांनी मान्य केली पाहिजे. बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात सरकारी वकिलाचे वर्तन बचाव पक्षाच्या वकिलासारखे होते, असे ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ओढले, आणि तो खटला नव्याने चालवण्यासाठी महाराष्ट्रात पाठवला. स्वातंत्र्य मागणाऱ्या व्यवसायाने अशा सभासदांची पाठराखण करता कामा नये. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या २०१४ च्या निकालात निर्दोष सुटकेला कारणीभूत ठरलेल्या तपास व अभियोग अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करण्याचे, त्याबरोबरच त्यांना प्रशिक्षण देण्याचेही आदेश आले. निष्काळजीपणाला शिक्षा हवीच. पण साक्षीदार फितूर झाले, पंच उलटले, मुद्देमाल नीट सीलबंद नव्हता, आणि त्यामुळे झालेली सुटका सरकारी वकिलाच्या नावावर लावली, तर प्रत्येक खटला शेवटपर्यंत रेटण्याकडे कल वाढेल. कच्चा खटला कच्चा आहे असे सांगण्याची हिंमत त्यातून संपते.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. खटल्यांवर देखरेख ठेवणे, अपील करावे की नाही यावर मत देणे अशी कामे या संचालनालयाकडे सोपवली आहेत. पंधरा वर्षे वकिली केलेली किंवा सत्र न्यायाधीश असलेली अथवा राहिलेली व्यक्ती त्याची संचालक होऊ शकते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण हाच संचालक राज्याच्या गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली काम करेल, असेही ते कलम म्हणते, आणि पोलीस दलही त्याच गृह विभागाकडे असते. शहाणे निकालाने पोलिसांपासून वेगळे काढलेले अभियोक्ते अशा रीतीने त्यांच्याबरोबर एकाच छताखाली राहतात. त्यांच्या नेमणुका, बदल्या आणि गोपनीय अहवाल गृह विभागाऐवजी विधी व न्याय विभागाकडे द्यावेत, ही सरकारी वकिलांनी लावून धरावी आणि नागरिकांनीही पाठिंबा द्यावा अशी मागणी आहे.